देवाकडे गाऱ्हाणं, माणसाला हात

जेरुसलेममध्ये शिलोह इथला एक बुरूज कोसळला आणि त्याखाली १८ माणसं दगावली. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात या दुर्घटनेचा जेमतेम एवढाच उल्लेख आहे. बुरूज कशाने पडला, मेलेली माणसं कोण होती, याबद्दल तिथे काहीच नाही. येशूने त्या निमित्ताने लोकांना विचारलेला प्रश्न मात्र नोंदवलेला आहे. ही १८ माणसं बाकीच्या जेरुसलेमकरांपेक्षा जास्त पापी होती, असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही त्यानेच देऊन टाकलं: नाही. मेलेल्यांचा हिशेब मांडण्यापेक्षा आपापलं आयुष्य तपासा, असंही त्याने ऐकणाऱ्यांना बजावलं.

योहानाच्या नवव्या अध्यायात असाच आणखी एक प्रसंग आहे. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत भेटतो आणि शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. मग तो त्या माणसाकडे वळतो आणि त्याला दृष्टी देतो.

संकटाच्या वेळी ख्रिस्ती माणूस देवावर विश्वास ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या दोन प्रसंगांपासून करायला हवी. कारण दुःख आलं की पहिला घाव बहुधा या प्रश्नाचाच बसतो. कर्करोगाचं निदान झालं, तरणाताठा मुलगा अपघातात गेला, धंदा बुडाला, की आजूबाजूचे लोक कारण शोधायला लागतात. कुणी म्हणतं कुठल्या जन्मीचं हे, कुणी म्हणतं कुणाचा तरी तळतळाट लागला. ख्रिस्ती घरंही याला अपवाद नाहीत. ‘प्रार्थना कमी पडली’, ‘विश्वास कच्चा होता’ अशी वाक्यं तिथेही कानांवर येतात. ज्याच्या नावाने ती बोलली जातात, त्या येशूने मात्र हा हिशेब साफ नाकारलेला आहे.

सात दिवस गप्प बसलेले मित्र

बायबलच्या जुन्या करारात ईयोब नावाचं ४२ अध्यायांचं पुस्तक आहे. ईयोब भला माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, नोकर मारले जातात, वादळात घर कोसळून सगळी मुलं जातात. त्यानंतर अंगभर गळवं उठतात आणि तो राखेत बसून खापराने अंग खाजवत राहतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटीला येतात. त्याची दशा बघून मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणीही एक शब्द बोलत नाही.

त्या मित्रांनी केलेली चांगली गोष्ट काय ती एवढीच. आठव्या दिवशी ईयोब तोंड उघडतो आणि आपण जन्मलोच कशाला म्हणून आकांत करतो, तेव्हा तिघांनाही राहवत नाही. पुढचे कित्येक अध्याय ते त्याला समजावत राहतात. देव न्यायी आहे, तो उगाच कुणाला शिक्षा करत नाही, तेव्हा तुझं काहीतरी चुकलंच असणार, कबूल कर म्हणजे सुटशील. एकेकाचं भाषण ऐकावं तर सुभाषितांसारखं नेटकं आहे. ईयोब ते मानत नाही. तो मित्रांशी भांडतो, देवाशीही भांडतो, देवाला जणू कोर्टात खेचतो. माझा गुन्हा काय ते दाखव, म्हणतो.

शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देत नाही. समुद्राला बांध कुणी घातला, रानटी हरिणी कधी विते हे तुला ठाऊक आहे का, असे उलट प्रश्न तो ईयोबाला विचारतो. वाचणाऱ्याला हे अपुरं वाटू शकतं. अनेक शतकं अनेकांना वाटलंही आहे. पण निकालाच्या वेळी देव कोणावर रागावतो? नेटकी भाषणं ठोकणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं तो त्यांना सुनावतो. ज्याने सर्वांत जास्त तक्रार केली, त्याच्या बाजूने देव उभा राहिला, हा या पुस्तकाचा धक्का आहे.

रडण्यालाही आकार

ज्यू लोकांच्या प्रार्थनांचा जो संग्रह पुढे ख्रिस्ती उपासनेचाही कणा झाला, त्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. आजारपण, शत्रूंचा वेढा, मित्राने केलेला दगा, झोप न लागणाऱ्या रात्री, म्हातारपणाची भीती हे सगळं त्यांत येतं. किती दिवस असं चालणार, तू झोपलास का, तोंड का फिरवलंस, असं देवाला तोंडावर विचारलेलं आहे.

या स्तोत्रांची एक ठरलेली चाल दिसते. आधी देवाला हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं आणि बहुतेक वेळा शेवटी भरवशाचा उद्गार. पण ८८वं स्तोत्र ही चाल मोडतं. ते हाकेने सुरू होतं आणि अंधारात संपतं. आशेची एकही ओळ शेवटी येत नाही. संग्रह जमवणाऱ्यांना हे स्तोत्र वगळता आलं असतं. तसं झालं नाही आणि कॅथलिक चर्चच्या दैनिक प्रार्थनापाठात दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी आजही ते म्हटलं जातं.

विलापगीत या छोट्याशा पुस्तकात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडते. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं. त्या उद्ध्वस्त नगरीवरची पाच शोककाव्यं या पुस्तकात आहेत. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं. पहिल्या दोन आणि चौथ्या काव्यात २२ कडवी आहेत आणि प्रत्येक कडवं पुढच्या अक्षराने सुरू होतं. मधल्या, तिसऱ्या काव्यात प्रत्येक अक्षराच्या वाट्याला तीन अशा ६६ ओळी आहेत आणि साधारण त्याच्याच मध्यावर देवाच्या दयेची आठवण येते. पाचव्या काव्यातही ओळी २२च, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. भुकेने कासावीस झालेली मुलं, रस्त्यात पडलेली प्रेतं यांचं वर्णन करणाऱ्या कवीने मुळाक्षरांचा धागा हातात धरून ठेवला आहे. शोक अनावर असतो तेव्हा त्याला अशी बांधीव वाट लागते. कॅथलिक परंपरेतली रोजरीची माळ, ‘क्रूसाची वाट’ ही १४ टप्प्यांची भक्ती, ठरलेल्या वेळची ठरलेली प्रार्थना यांचंही काम तेच. मन सुन्न झालेलं असताना स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्या वेळी शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेले शब्द उपयोगी पडतात.

खुद्द येशूची न मिळालेली मागणी

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी एक अशी प्रार्थना आहे, जी मागितली तशी मिळाली नाही. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत येशू जमिनीवर पडून विनवतो की जमलं तर हा प्याला माझ्यापुढून टळू दे. सोबत जागं राहायला सांगितलेले तिघे शिष्य झोपी जातात. तो भीतीने व्याकूळ झाला होता, हे शुभवर्तमानं लपवत नाहीत. शेवटी तो पित्याच्या इच्छेला मान देतो, पण घाबरल्याचं कबूल करून, सुटका मागून आणि मित्रांच्या सोबतीसाठी आसुसून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी क्रूसावर तो ओरडतो ते शब्द २२व्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. देवाने आपल्याला टाकल्याचा आक्रोश त्यात आहे. मार्क आणि मत्तय यांनी तो मूळ अरामी उच्चारासकट लिहून ठेवला. आपला तारणारा असा ओरडला, ही आठवण पहिल्या ख्रिस्ती लोकांना लाजिरवाणी वाटली असती तर त्यांनी ती गाळली असती.

प्रेषित पौलाचीही अशीच कहाणी. त्याच्या शरीरात कसलासा काटा होता. आजार की आणखी काही, यावर विद्वानांचं आजवर एकमत नाही. तो काढून टाक म्हणून त्याने तीन वेळा देवाची विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. हा पौल पुढे तुरुंगातून पत्रं लिहितो आणि त्यांतल्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आनंदाचा विषय पुन्हा पुन्हा काढतो.

म्हणजे संकट येणारच नाही, आलं तर प्रार्थनेने हमखास टळेल, असा करार ख्रिस्ती धर्मग्रंथात नाही. देव या दुःखाच्या बाहेर बसून बघत नाही, क्रूसावर तो त्यात उतरला आहे आणि पुनरुत्थानामुळे मरणाला शेवटचा शब्द राहिलेला नाही, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे. आश्वासन सोबतीचं आहे. हे कुणाला पटो न पटो, पण ते काय आहे आणि काय नाही, हे स्पष्ट असलेलं बरं.

केडगावची साक्ष

हा विश्वास प्रत्यक्ष आयुष्यात कसा दिसतो, याचं मराठी मुलखातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचं चरित्र आपण समाजसुधारणेच्या अंगाने वाचतो. त्यात मरणं किती आहेत, इकडे सहसा लक्ष जात नाही.

२३ एप्रिल १८५८ चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगत तीर्थाटन करणारे विद्वान. १८७० च्या दशकात दक्षिणेत अन्नान्न दशा झाली, तेव्हा या कुटुंबाजवळचं सगळं संपलं. कोरड्या तुकड्यालाही महाग झाल्यावर अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलगा श्रीनिवास मोलमजुरी करायला तयार झाला म्हणून ते थांबले, पण उपासमारीने खंगलेलं शरीर फार तग धरू शकलं नाही. काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण. आईसाठी रमाबाईंनी एका घरी बाजरीची भाकरी मागून आणली होती, ती खाण्याइतकंही त्राण तिच्या अंगात उरलं नव्हतं. आईच्या अंत्यविधीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. रमाबाई उंचीने लहान म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला, असं चरित्रकार लिहितात. वय सोळाच्या आसपास.

पुढे भावंडं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब मिळाले, पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. डॉक्टर होण्याचा बेत होता, तर ऐकू येणं कमी होत गेल्याने तोही सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून प्रश्न विचारणं त्यांनी थांबवलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार प्रकाशित आहे आणि तो वाचताना गंमत वाटते आणि आदरही वाटतो. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, धर्मगुरूंचं ऐकण्याची सक्ती, एकेका मुद्द्यावर रमाबाई हटून बसतात. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही विचारतात. मांसाहाराला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. श्रद्धा एका दिवसात पक्की होत नाही, याची इतकी प्रांजळ कबुली धर्मांतरितांच्या लेखनात क्वचित आढळते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी रमाबाईंचं शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, इथल्याच पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून वादळ उठलं, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. टीकाकारांचे आक्षेप सगळेच अनाठायी नव्हते. विश्वासाने सोपवलेल्या मुलींच्या धर्माचा प्रश्न होता. पण रमाबाईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी कष्टाने जोडलेला समाज एका वर्षात पाठ फिरवून गेला होता.

१८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ, उपाशी मुली घेऊन आल्या. सोळाव्या वर्षी पाहिलेली भूक त्यांना कारण म्हणून पुरेशी होती. पुण्यात प्लेग पसरलेला, शहरात इतक्या मुलींना ठेवायला परवानगी नाही. मग दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या शेतावर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या छावण्यांतल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात इतकं परखड पत्र लिहिलं की तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर पोचली.

दोन हजार तोंडांना रोज दोन वेळा घालायचं म्हणजे काय, याचा अंदाज घरात चार पाहुणे आले तरी येतो. विहिरी खणल्या गेल्या, भाजीचे वाफे पडले, माग बसले, छापखाना चालू झाला. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून ती तिथे शिकवली. प्रार्थना आणि विहिरीचं खोदकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं केडगावात कुणी मानत नव्हतं.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक डोंगर उचलला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचा मराठी अनुवाद सुरू केला, तोही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा भाषेत. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळी कामं मुक्ती सदनातल्या बायकामुलींनी केली. हे काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. ज्या मुलीच्या हाती सगळं सोपवायचं होतं, तीच गेली. रमाबाईंनी अनुवाद सोडला नाही. काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही डोळे मिटले आणि तो बायबल-अनुवाद त्यांच्यामागे प्रकाशित झाला.

या आयुष्यात प्रत्येक दुःखाचं कारण सापडलं का? रमाबाईंनी तसा दावा केलेला नाही. त्यांनी स्वतः भोगलेली भूक पुढे दुसऱ्यांच्या भुकेकडे बघायला वापरली. ख्रिस्ती विश्वासाची संकटातली कसोटी इथे लागते.

देव गप्प असतो तेव्हा

विश्वास ठेवणाऱ्याला देवाची सोबत सतत जाणवते, अशी एक समजूत आहे. ख्रिस्ती संतांचा अनुभव वेगळं सांगतो. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांना १५७७ मध्ये त्यांच्याच संन्यासी बांधवांनी तोलेदोमध्ये कैद केलं. अरुंद कोठडी, फटके, अपुरं अन्न. नऊ महिन्यांनी ते तिथून निसटले. आत्म्याच्या ‘अंधाऱ्या रात्री’विषयी त्यांनी नंतर जे लिहिलं, ते आजही प्रार्थनेत कोरडेपणा आलेल्यांना वाचायला दिलं जातं. देव जाणवेनासा झाला म्हणून तो नाही किंवा आपण त्याच्या नजरेतून उतरलो असं समजू नये, हे त्यांचं सांगणं.

आपल्या ओळखीचं उदाहरण मदर तेरेसांचं. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि जगाला आश्चर्य वाटलं. कोलकात्यातलं काम सुरू झाल्यानंतरची जवळजवळ सगळी वर्षं त्यांना प्रार्थनेत पोकळी आणि अंधार जाणवत होता. काहींनी याचा अर्थ ढोंग असा लावला. पण त्या पहाटे उठत होत्या, प्रार्थना करत होत्या आणि मरणाच्या दारातल्या माणसांना उचलून आणत होत्या. भावना आटली तरी निष्ठा चालू राहू शकते, याची याहून मोठी साक्ष विसाव्या शतकात मिळणं कठीण.

मराठीत या बाबतीत वाचण्यासारखी बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. लोकांचे टोमणे, पोटच्या पोराची काळजी, स्वतःच्या मनातली ओढाताण. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या आग्रहाखातर नव्हे; विचार बदलत बदलत त्या तिथवर आल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना आपण हसतो ते त्यांच्या दुःखाच्या दिवसांच्या वर्णनावरही. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

एकट्याचं काम नव्हे

संकटात विश्वास टिकवण्याची जबाबदारी ख्रिस्ती परंपरा एकट्या माणसावर टाकत नाही. नगर-पुण्याकडच्या मराठी मंडळींमध्ये घरी मृत्यू झाला की त्या संध्याकाळपासून माणसं जमतात. पेटी-तबल्यावर भजनं होतात, त्यांत टिळकांची असतात. शास्त्रपाठ होतो, पाळक चार शब्द बोलतात, शेजारणी चुलीचा ताबा घेतात. वसईकडच्या कॅथलिक गावांत महिन्याचा मिस्सा, वर्षाचा मिस्सा असतो आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. शोकाला एक दिवस देऊन मोकळं व्हायचं नाही, वर्षभर त्याच्या तिथी पाळायच्या, अशी ही रचना आहे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातही घाई नाही. गुरुवारी संध्याकाळी वेदीवरचं सगळं उतरवलं जातं. शुक्रवारी मिस्सा होत नाही, घंटा वाजत नाही. शनिवार नुसत्या थांबण्याचा. पुनरुत्थानाचा जल्लोष त्यानंतर रात्री. शुक्रवारच्या माणसाला लगेच रविवारचं गाणं म्हणायला लावू नये, हे चर्चच्या पंचांगातच लिहिलेलं आहे.

आजारपणात नवस बोलायला माणसं वांद्र्याच्या मोतमाउलीला जातात, माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला उभी राहतात, श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या यात्रेला जातात. वांद्र्याला मेणाचे हात, पाय, बाळं वाहण्याची रीत आहे. या गर्दीत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे कुणी मोजत नाही. दुखणाऱ्या अवयवाचा मेणाचा आकार विकत घेऊन मातेच्या पायाशी ठेवणं हेही गाऱ्हाणंच आहे, शब्दांवाचून मांडलेलं.

दवाखाना आणि प्रार्थना

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. विश्वास असेल तर औषध कशाला, असं सांगणारे उपदेशक सगळीकडे भेटतात. हे ख्रिस्ती परंपरेला धरून नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, असं परंपरा मानते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं इस्पितळ १८९४ मध्ये उभारलं आणि पुढे तिथे वैद्यकीय शिक्षणही दिलं. अशा डॉक्टरांना प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत निवड करावी असं कधी वाटलं नाही. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या प्रार्थनासभेपासून चार हात लांब राहिलेलं बरं. खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पाळकांइतकीच मानसोपचारतज्ज्ञाचीही गरज असते आणि तिकडे जाणं हा विश्वासाचा पराभव नाही.

मानसशास्त्रानेही या विषयाकडे बारकाईने पाहिलं आहे. अमेरिकी संशोधक केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इस्पितळात दाखल झालेल्या, पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलं आहे, त्याचं आपल्यावर प्रेम आहे की नाही, अशा विचारांशी झगडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळला. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरीही ‘देव तुला धडा शिकवतोय’ हे वाक्य रुग्णाच्या उशाशी उच्चारण्याआधी दोनदा विचार करायला तो पुरेसा आहे. दुःखी माणूस बहुधा ते आधीच स्वतःशी म्हणत असतो. त्याने ते मनात कुढत ठेवण्याऐवजी स्तोत्रकर्त्यांसारखं देवापुढे आणि जवळच्या माणसापुढे बोलून टाकावं, यासाठी त्याला मोकळीक हवी.

ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याने स्वतःला विश्वासाच्या परीक्षेला बसवू नये. रडू आलं तर रडावं, देवावर राग आला तर तो त्यालाच सांगावा, प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील तर एखादं विलापाचं स्तोत्र वाचावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये ती आजच्या मराठीत मिळतात. तेही होत नसेल तर दुसऱ्या कुणाला आपल्यासाठी वाचायला सांगावं. आणि जे भेटायला जाणार आहेत त्यांनी कारणं घरी ठेवून जावं. जेवणाचा डबा न्यावा, विम्याचे कागद भरून द्यावेत, रात्री इस्पितळात थांबायची पाळी घ्यावी, मुलांना शाळेतून आणावं. महिन्याभराने, बाकीचे सगळे आपापल्या कामाला लागलेले असतील तेव्हा, पुन्हा एकदा जाऊन यावं.